पूल बांधा, पण पायी जाणाऱ्यालाही वाट ठेवा

रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावरच्या खाड्यांवर पूल व्हायला हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980च्या सुमारास, या रस्त्याची कल्पना पुढे आली. सुमारे 500 किलोमीटरच्या या वाटेवर राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांशी रस्ता अजून थांबतो. रात्री बाळंतीण अडली आणि दवाखाना पलीकडच्या काठाला असला, तर घरच्यांनी सकाळच्या फेरीबोटीची वाट बघायची का? पूल हवेतच. प्रश्न आहे तो त्या पुलावरून कोण जाणार याचा.

मी खानदेशातल्या चाळीसगावची. आम्हा मैत्रिणींना किनाऱ्याने कोकण बघायचं होतं, पण भाड्याची गाडी परवडत नव्हती. 17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून हा बेत जमला. रात्रीच्या रेल्वेने मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची बोट आणि पुढे मिळेल ती एसटी. पाठीवर सॅक, त्यात कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत आम्ही बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरलो आणि वेळासला एका घरी राहिलो. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथे कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं, गावाने ते आपलं मानलं आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणाऱ्यांसाठी आपली घरं उघडली. त्या घरात जेवताना वाटलं, इथे माणूस थांबतो म्हणून गावाला चार पैसे मिळतात. भरधाव निघून जाणाऱ्याचा वेळासला काय उपयोग?

दाभोळची जंगलजेटी, म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट, तर मला फार आवडली. बोट धक्क्याला टेकते, पुढची लोखंडी फळी खाली येते, पलीकडून आलेल्या गाड्या उतरतात. मग इकडच्या गाड्या चढतात आणि त्यांच्या कडेकडेने माणसं. माशांची पाटी घेतलेल्या एका मावशींनी आम्हाला विचारलं, ‘‘कुठल्या गो पोरींनो?’’ चाळीसगाव म्हटल्यावर त्यांना काही उमगेना, पण धोपावे येईपर्यंत त्यांनी गुहागरची एसटी कुठे लागते, ती चुकली तर रिक्षा कुठे मिळते, सगळं सांगितलं. फळी पडताच स्वतःची पाटी सावरत म्हणाल्या, ‘‘धावा, सुटेल ती.’’ आम्ही धावलो आणि गाडी मिळाली.

उद्या दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीवर पूल झाला की गाडीवाला काही मिनिटांत पार होईल. मावशींचं काय? मोठा पूल उंचावरून जातो, त्याचे पोहोचरस्ते लांब असतात, त्याचं टोक जेटीच्या दारात येत नाही. प्रवासी घटले की फेरीबोट परवडत नाही आणि बंद होते. मग पाटी घेतलेल्या बाईने, शाळेच्या पोराने, सॅकवाल्या पोरींनी खाडी कशी ओलांडायची?

खानदेशात आम्ही हे बघितलंय. बायपास होतो, लांब पल्ल्याची गाडी गावात न येता फाट्यावर उतरवून देते आणि म्हातारी माणसं उन्हात रिक्षाची वाट बघत बसतात. रस्ता कुणासाठी हे आधी ठरलं नाही तर ते पुढे कोर्टाला ठरवावं लागतं. आमच्या कन्नड घाटात अवजड वाहनांना 2023 साली बंदी आली, तीही औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने.

म्हणून किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. पूल पुरा झाल्यावर अर्ज करून काही हाती लागत नाही, तेव्हा आत्ताच ठराव करा. प्रत्येक पुलावर कठड्याआड सुरक्षित पायवाट, दोन्ही टोकांना सावलीचा एसटी थांबा, जेटीपासून पुलापर्यंत गाडीची सोय आणि पूल सुरू झाल्यावरही दिवसातून काही फेऱ्या तरी फेरीबोट, गरज पडली तर सरकारी अनुदानावर. आणि खानदेशातल्या मुलींनो, पूल होण्याआधी एकदा सॅक उचला आणि एसटीने हा किनारा बघून या.