शाळूचें बाळपण

फळ पिकतांच जिचें आयुष्य संपतें ती ओषधि, ही व्याख्या आम्ही पस्तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतली. तिचा अर्थ मात्र आम्हांस शेतांत कळला. ज्वारी ही ओषधीच. जिचें आयुष्य अवघें चार महिन्यांचें, तिचें बाळपण फुकट गेलें तर तें भरून कसें निघावें?

गेल्या रब्बींत आम्ही हौसेनें शाळूच्या बियांबरोबरच युरिया पेरविला. त्याच्या दाहानें निम्में बीं उगवलेंच नाहीं. वाटेकरी म्हणाला, “गुरुजी, तान्ह्या पोराला कुणी भाकर चारतं का?” आम्ही निरुत्तर झालों.

बियांतील शिदोरी थोडेच दिवस पुरते. पुढें सारा भार मुळांवर. स्फुरद तर मातींत फारसा हलत नाहीं. मुळांशीं सख्य करणारी बुरशी आपल्या तंतूंनीं तो आणून देते व मोबदल्यांत साखर घेते. बायेरिंक ह्या डच शास्त्रज्ञानें १९०१ सालीं वर्णिलेले ॲझोटोबॅक्टर जंतु हवेंतील नत्र मिळवून देतात. मात्र त्यांस सेंद्रिय अन्न लागतें. उगवणीनंतर महिन्याभरांतच कणसाची घडण सुरू होते. तोंवर रोप उपाशी राहतां कामा नये.

म्हणून यंदा कुजलेलें शेणखत घातलें, १० किलो बियांस २५० ग्रॅम ॲझोटोबॅक्टर चोळून तें सावलींत सुकविलें, आणि दोन चाड्यांच्या पाभरीनें खत बियांखालीं पेरलें. ओळी भरून उगवल्या आहेत. कणसें कशीं भरतात तें वाचकांस हुरड्याच्या वेळीं कळवूं.