दिवसाची लांबी न मोजणारे भात आणि कावेरीचे लांबणारे पाणी

तंजावूर : येथील राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रे आजही जतन केलेली आहेत. १६७६ ते १८५५ या काळात येथे राज्य करणाऱ्या भोसले घराण्याचा महसूल प्रामुख्याने कावेरीकाठच्या भातावर उभा होता. आज या भाताचे वेळापत्रक सेलम जिल्ह्यातील मेट्टूर धरणाच्या दरवाजांशी बांधलेले आहे. दरवर्षी १२ जून रोजी पाणी सोडण्याचा प्रघात असला, तरी २०२४ मध्ये अपुऱ्या साठ्यामुळे ते २८ जुलै रोजी सुटले. २०२५ मध्ये पुन्हा १२ जूनची तारीख पाळली गेली. सेहेचाळीस दिवसांच्या अशा विलंबाची चर्चा पेरणीपुरतीच होते. खरा प्रश्न पीक निसवते कधी, हा आहे.

भात हे मुळात लहान दिवसांचे पीक. रात्र पुरेशी लांबल्याची नोंद पानांत होते आणि तेथे तयार झालेले प्रथिन शेंड्याकडे जाऊन फुलोऱ्याची आज्ञा देते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिले. तंजावूर विषुववृत्ताजवळ असल्याने सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत अंतर जेमतेम सव्वा तासाचे. तरीही सांबा हंगामातील जुने वाण तेवढा फरक अचूक ओळखत. पेरणी मागेपुढे झाली तरी त्यांचा निसवा फारसा हलत नसे. कोकणातील गरव्या भाताचा स्वभावही काहीसा असाच.

हरितक्रांतीने ही दिनदर्शिका पुसली. तंजावूर जिल्ह्यातील आडुतुरै संशोधन केंद्राने जपानी व भारतीय भातांच्या संकरातून काढलेला एडीटी २७ आणि १९६६ मध्ये आलेला आयआर ८ यांना दिवसाच्या लांबीची फिकीर नव्हती. असे वाण मुख्यतः ऊब मोजून ठरावीक दिवसांत तयार होतात. कमी मुदतीचे कुरुवई आणि त्यामागून थलडी अशी दोन पिके एकाच शेतात घेणे त्यामुळे सुकर झाले. हा लाभ मोठा होता, यात शंका नाही. मात्र असे पीक पेरणीच्या तारखेला बांधलेले असते. पेरणी जितकी सरकते, तितकाच फुलोराही सरकतो.

जूनमध्ये पेरलेले कुरुवई ईशान्य मोसमी पावसाच्या आधी घरात येऊ शकते. जुलैअखेर पाणी मिळाल्यास तेच पीक ऑक्टोबरच्या पावसात निसवते आणि कापणीही ओल्यात होते. फूल उमलल्यावर परागण सुमारे तासाभरात उरकते; त्या वेळी सरी आल्या की दाणे पोचट राहतात. पुढे सरकारी खरेदी केंद्रावर १७ टक्के ओलाव्याची मर्यादा आडवी येते ती वेगळीच. कूपनलिका नसलेल्या शेतकऱ्याला मग कुरुवई सोडून केवळ सांबावर भागवावे लागते. त्यातही दीर्घ मुदतीचा, दिवस न मोजणारा वाण उशिरा लावला, तर दाणा भरण्याचा काळ धरण बंद करण्याच्या २८ जानेवारी या रूढ तारखेपलीकडे जातो. दिवस मोजणारा वाण अशा वेळी वाढीचा काळ आखडून घेतो. फुटवे कमी येतात, उत्पादन घटते. परंतु पीक पाण्याच्या मुदतीत बसते.

तापमानाचा धोका याहून वेगळा आहे. फुले उमलताना पारा ३५ अंशांपलीकडे गेल्यास परागकण निकामी होऊ लागतात. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या २००४ च्या अभ्यासात, कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढल्यास उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. वाढत्या उष्णतेत केवळ ऊब मोजणारे वाण लवकर निसवतात आणि दाणा भरायला अवधी कमी उरतो.

म्हणूनच वाणाची शिफारस करताना ‘इतक्या दिवसांचा’ एवढीच नोंद अपुरी ठरते. पाणी १२ जूनला, जुलैच्या मध्यास किंवा ऑगस्टमध्ये मिळाले, तर तो वाण कोणत्या आठवड्यात निसवेल, हे बियाण्याच्या पिशवीवर छापणे अवघड नाही. धरणाची तारीख जाहीर होते, त्याच दिवशी शेतकऱ्याला ही माहिती हवी असते.