सोलर बंद पडत नाही, आपण तो मारतो

सध्या वार्षिक सभांचा हंगाम चालू आहे. ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची म्हणून पुण्यातल्या सोसायट्यांच्या बोर्डांवर नोटिसा लागल्यात. विषयपत्रिका वाचून बघा. पार्किंगचे पट्टे, भटकी कुत्री, रंगकाम, सीसीटीव्ही, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. तिथे मागच्या खुर्चीवरून कुणीतरी विचारतं, "अहो, सोलरचं काय?" सेक्रेटरी म्हणतात, "बघतो." विषय संपला, चहा-बिस्किटं आली.

मग थंडी पडते, पहिल्या अंघोळीला नळाला गार पाणी येतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकच ओरड. "सोलर ही चीजच बोगस आहे." "बिल्डरने फसवलं." "काढून टाका, गच्ची तरी मोकळी होईल."

मंडळी, जरा थांबा. तुमच्या सोलरला शेवटचं कुणी आणि कधी धुतलं, ते आधी सांगा.

बिल्डरला मी सोडत नाहीये, त्याचा नंबर पुढे आहे. पण आधी आपला हिशोब. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण साडेचार ते पावणेपाच युनिट वीज लागते. हे शाळेतलं गणित आहे, कुणीही करून बघावं. वर्षातले तीनशे दिवस ऊन धरलं तर चौदाशे युनिट झाले. केंद्राचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयही १०० लिटरच्या संचासाठी वर्षाला सुमारे १५०० युनिटची बचत सांगत आलं आहे. म्हणजे तीन-चार माणसांच्या घरामागे दरवर्षी एवढी वीज गच्चीवर फुकट तयार होऊ शकते, आणि आपण ती घालवून खाली गीझर लावून बसतो. वर त्याच सोलरच्या नावावर महापालिकेकडून मिळकतकरात सवलत घेतो. सोलर, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यातलं एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १०. ही सवलत चालू यंत्रणेसाठी आहे. गच्चीवर गंजत पडलेल्या लोखंडाच्या सांगाड्यासाठी नाही. बंद सोलर दाखवून सवलत घेणाऱ्यांनी टॅक्सवरून नगरसेवकाला शिव्या घालण्याआधी आरशात बघावं.

आता बिल्डर. त्याला सोलर हवा असतो भोगवटापत्रापुरता. म्हणून तो कलेक्टर बसवतो कुठे? लिफ्टच्या खोलीवर, नाहीतर पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर. वर जायला भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी आणि वर कठडा नाही. ड्रेनचा कॉक अशा कोपऱ्यात की तिथे हात घालायचा तर माणसाने पोटावर झोपावं. गरम पाण्याच्या पाइपला वेष्टण नाही, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या आजी दोन बादल्या गार पाणी सोडून देतात, मग कुठे कोमट येतं. एवढं सगळं होऊन सोसायटी हस्तांतराच्या वेळी कुणी विचारत नाही, की बाबा, ही टाकी रिकामी कशी करायची ते एकदा आमच्यासमोर करून दाखव. आपण बघतो काय? क्लबहाउसच्या टाइल्स.

तिसरा नंबर वार्षिक देखभाल कराराचा, म्हणजे एएमसीचा. मी ज्या सोसायटीत राहतो तिथल्या जुन्या ठेकेदाराच्या करारात ‘चार सर्व्हिस’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात वर्षात चारदा एक मुलगा यायचा, नळ्यांवर फडकं मारायचा, वॉचमनची सही घ्यायचा आणि जायचा. टाकी एकदाही रिकामी झाली नाही. दोन वर्षांनी उघडली तर नळ्यांच्या बुडाशी पांढरा गाळ, हाताने खरवडावा एवढा. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी असतं, ते बहुतेक बोअरचं. बोअरच्या पाण्यातले क्षार तापले की बसतात, घरातल्या गीझरच्या कॉइलवर बसतात तसेच. तांब्याच्या पट्ट्यांच्या सपाट कलेक्टरमध्ये तर आतल्या बारीक नळ्याच चोंदतात, म्हणून जड पाणी असेल तिथे काचेच्या नळ्यांचा प्रकार बरा पडतो. पण गाळ त्यातही काढावाच लागतो. सूर्य आपलं काम रोज करतोय. पाणी आणि काच यांच्यामध्ये चिखल आपण साठू दिलाय.

आणि ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली, ती आता सांगतो.

मागच्या मे महिन्यात आमच्याच भागातल्या एका सोसायटीत गळती काढायला प्लंबरचा हाताखालचा पोरगा वर चढवला. वेळ दुपारी साडेबारा. निम्मे फ्लॅट सुट्टीला गावाला गेलेले, म्हणजे आदल्या दोन-तीन दिवसांत गरम पाणी कुणी फारसं वापरलेलंच नाही. टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ पोचलेलं असणार. पोराने कॉक सैल केला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सोसायटीने काय केलं? रिक्षाचे पैसे दिले. आणि ग्रुपवर चर्चा कशाची, तर "प्लंबर लोकांना काही ट्रेनिंग नसतं हो."

ट्रेनिंग त्याला नव्हतं, मान्य. पण त्याला भर दुपारी वर कुणी पाठवलं? साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंद अंगावर राहिलं तरी कातडी खोलवर भाजते. मे महिन्यात न वापरलेली टाकी साठाच्या किती तरी पुढे जाते. हे ज्या समितीला माहीत नाही तिने सोलरच्या कॉकला हात लावायला कुणाला सांगू नये. वॉचमनला तर नाहीच नाही. "जा रे, वरचा वॉल्व्ह जरा उघड" हे वाक्य मी किती सोसायट्यांत ऐकलंय.

टाकी रिकामी करण्यात रॉकेट सायन्स नाही, क्रम आहे. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी भरपूर गरम पाणी वापरायचं आणि काम दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत करायचं. दिवसा करावंच लागलं तर आदल्या दिवशी सकाळीच कलेक्टर ताडपत्रीने झाकून ठेवायचा. विजेचा बॅकअप असेल तर सर्वांत आधी त्याचा एमसीबी खाली पाडायचा आणि त्यावर चिठ्ठी लावायची, कारण पाणी उतरलेल्या टाकीत हीटर चालू राहिला तर कॉइल जळते, आणि ओल्या गच्चीवर शॉकचा धोका वेगळाच. मग गार पाण्याचा येणारा कॉक बंद. मग व्हेंट पाइप बघायचा, म्हणजे टाकीच्या डोक्यावरची उघडी नळी. तिच्यात कुंभारमाशी मातीचं घर करते, किंवा पाणी उडतं म्हणून कुणी शहाणा टोपण बसवतो. ही नळी बंद असताना खालून पाणी सोडलं तर आत हवा शिरायला वाट राहत नाही आणि पातळ पत्र्याची टाकी आतल्या बाजूला चेपते. एरवीसुद्धा तीच नळी वाफेची वाट आहे. तिला टोपण लावणं म्हणजे कुकरची शिट्टी चिंध्यांनी बांधणं. हे सगळं झाल्यावरच ड्रेनचा कॉक, तोही पाइप जोडून, हळूहळू, हातात जाड मोजे घालून आणि तोंड बाजूला ठेवून.

परत भरताना घाई नको. काचेच्या नळ्या रिकाम्या असताना उन्हात दोनशे अंशांच्या वर तापतात. त्यात गार पाणी सोडलं की काच तडकते आणि तुकडे पायाखाली. संध्याकाळी उशिरा नाहीतर पहाटे भरा. बॅकअप टाकी पूर्ण भरल्यावरच.

आणखी एक प्रकार म्हणजे ‘अ‍ॅसिड मारतो साहेब, एकदम क्लीन.’ संडास साफ करायचं अ‍ॅसिड स्टीलच्या टाकीत घालणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला भोकं पाडतं. क्षार काढायला सौम्य आम्लं मिळतात, आणि तीही माहीतगार माणसाने वापरायची. टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असेल तर तो झिजण्यासाठीच असतो. गंज टाकीऐवजी दांड्याला लागावा, ही योजना. तो संपला की टाकीचा नंबर लागतो. तुमच्या टाकीतला दांडा कधी बदलला? बदलला का? आहे का?

आता नवीन फॅशन. "सोलर हीटर काढा, वीजपॅनेल लावा, सबसिडी आहे." पीएम सूर्यघर योजना २०२४ पासून आहे, घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, चांगलंच आहे. जरूर लावा. पण चालू होऊ शकणारा हीटर भंगारात घालून त्या जागी पॅनेल लावायचं आणि त्या विजेवर गीझर चालवायचा, हा उलटा कारभार आहे. चांगला कलेक्टर अंगावर पडलेल्या उन्हातलं निम्म्याच्या आसपास पाण्यात उतरवतो, पॅनेल जेमतेम एक पंचमांशाची वीज करतं. नुसतं पाणी तापवायला हीटरला तेवढ्याच जागेत तोड नाही. शिवाय जी समिती वर्षात एकदा टाकी धुवू शकली नाही, ती पॅनेल धुणार आहे?

या सभेत ऐनवेळच्या विषयाची वाट बघू नका. सभेआधी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. मागणी अशी करा : पावसाळा संपल्यावर एकदा आणि मार्चमध्ये एकदा टाकी पूर्ण रिकामी करून साफ होईल, आणि त्या दिवशी समितीचा एक माणूस गच्चीवर हजर राहील. ठेकेदाराचे पैसे वॉचमनच्या सहीवर निघणार नाहीत. काढलेल्या गाळाचा आणि दांड्याचा फोटो लागेल. स्लॅबला कठडा होईपर्यंत कंबरपट्ट्याशिवाय कुणी वर चढणार नाही. सकाळी दहा ते सूर्यास्त कुणी ड्रेनच्या कॉकला हात लावणार नाही. आणि हा क्रम मराठीत आणि हिंदीत रंगवून शिडीपाशी लावायचा, कारण वर चढणारा पोरगा इतिवृत्त वाचत नाही.

खर्च किती येईल असं सेक्रेटरी विचारतील. गेल्या वर्षी गणपतीच्या मांडवाच्या लायटिंगला किती आला होता, ते त्यांना विचारा.