खुबा मोडतो तो केवळ नशिबाने नव्हे!

बेंगळुरूच्या आमच्या युनियन कार्यालयात रजेचे आणि मदतीचे अर्ज येतात. त्यांत एक वाक्य वारंवार वाचावे लागते : "पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले." अर्ज कधी निवृत्त साथीच्या पत्नीसाठी असतो, कधी नवऱ्याच्या जागी गँगवर लागलेल्या भगिनीचा. विचारपूस केली की उत्तर ठरलेले : "आईचेही असेच झाले होते. आमच्या घराण्यातच आहे. नशीब!" आम्ही डॉक्टर नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेले रेल्वे कामगार आहोत. पण या नशिबाचा हिशेब मांडलाच पाहिजे.

घराण्याची गोष्ट खोटी नाही. हाडे ठिसूळ होण्याच्या या रोगाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. एकाची हाडे भरीव आणि दुसऱ्याची विरळ, या फरकात निम्म्याहून अधिक वाटा आनुवंशिकतेचा असतो, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसले आहे. मात्र दोषी जनुक एकच नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात हाडांच्या घनतेशी संबंधित अशा पाचशेहून अधिक जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. आणि हा वारसा आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो.

पण हाड विरळ असणे वेगळे आणि मोडणे वेगळे. स्वीडनमधील तीस हजारांहून अधिक जुळ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सत्तरीच्या आत खुबा मोडण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला. ऐंशीच्या पुढे तो जवळजवळ उरलाच नाही. म्हातारपणी घात करतात ते अधू नजर, अशक्त पाय, ओली मोरी आणि अंधारा जिना.

आता आपल्याकडे पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अल्प उत्पन्न गटातील तीस ते साठ वयाच्या स्त्रिया तपासल्या. श्रीमंत देशांतील स्त्रियांपेक्षा त्यांची हाडे बरीच विरळ निघाली. हा निव्वळ रक्ताचा दोष कसा म्हणावा? सर्वांना वाढून उरेल ते खाणारी बाई हाडात साठवणार काय? त्यात आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य स्त्रियांच्या चार-पाच वर्षे आधी. पाळी थांबली की हाडांची झीज वेगाने होते.

वारसा बदलता येत नाही, म्हणूनच तो वेळीच विचारला पाहिजे. शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेली 'फ्रॅक्स' ही प्रश्नावली २००८ पासून जगभर वापरली जाते. तिच्यातला एक प्रश्न असा : आई किंवा वडील यांचा खुबा मोडला होता का? हे विचारायला यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रेल्वे रुग्णालयांत पाळी थांबलेल्या प्रत्येक भगिनीला हा प्रश्न विचारावा. उत्तर 'होय' आले तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी मोफत करावी. हाड मोडून परतलेल्या भगिनीला झेपेल असे काम द्यावे. आणि घराण्याची ही माहिती उपचारासाठीच वापरावी. नोकरी नाकारण्यासाठी किंवा खालच्या जागी ढकलण्यासाठी ती वापरली, तर संघटना गप्प बसणार नाही. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला कामावरून काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांगितलेच आहे.

प्रशासनाकडे मागताना घराकडेही पाहू या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या कर्नाटकात नाचणीचा मुद्दा घरोघरी होतो, आपल्याकडे भाकरी आहे. ती घरच्या बाईच्या ताटात आधी पडू द्या. उन्हात चालणे हवे, मोरीत आधाराला दांडी हवी.

साथींनो, आज घरी गेल्यावर आपल्या आईला, बहिणीला, पत्नीला एवढे विचारा : "आपल्या घरात कोणाचा खुबा मोडला होता का?" नशिबाविरुद्धचा लढा या प्रश्नापासून सुरू होतो.