बाटलीतलं रक्त, यकृतातला रोग

यकृत सडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "दारू किती पितोस?" झोपडपट्टीतला असेल तर प्रश्नही नाही, थेट शिक्का. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ऑपरेशनात चढवलेली रक्ताची बाटली कुणाला आठवत नाही. हेपॅटायटिस सी मात्र तेव्हापासून गपगुमान यकृत पोखरत असतो. मग पोटात पाणी, रक्ताची उलटी, आणि शेजाऱ्यांची कुजबुज.

रक्तातूनच आला म्हटलं, की बोट वळतं रक्त विकून पोट भरणाऱ्याकडे. का? न तपासता बाटली पुढं सरकवली कोणी? विषाणू १९८९ साली सापडला. ब्रिटननं १९९१ मध्ये रक्त तपासायला घेतलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानं रक्त विकणारा १९९८ पासून हद्दपार झाला. या विषाणूच्या तपासणीची सक्ती अमलात यायला नवं शतक उजाडलं. आधी भुकेला हाकलला, मग तपासणी!

दोस्तहो, आता गोळ्या आहेत. बहुतेकांचा विषाणू बारा आठवड्यांत जातो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार फुकट. पण सिरॉसिस झालेल्यांना कॅन्सरची धास्ती उरतेच, तपासण्या चालूच. तेव्हा आईला बाळंतपणात, बापाला अपघातात जुनं रक्त चढलं असेल, तर सरकारी दवाखान्यात जा आणि एचसीव्हीची तपासणी मागा. दारूचा प्रश्न आला तर बाटलीचीही नोंद करायला लावा. रक्ताच्या.