‘छावा’ पाहिला, पण रयत कोठें आहे?

शेतकरी-कारागीर बंधूंनो, ‘छावा’ हा बोलपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं निघाला. संभाजी महाराजांचा १६८९ सालचा छळ पाहून आमच्या कट्टा भागांतील कुणब्या-लोहारांचे डोळे भरावे यांत नवल नाहीं. पण आम्ही विचारतों, औरंगजेबानें १७०७ पर्यंत २५ वर्षें दक्षिणेंत फौज पोसली, ती कोणाच्या कणगींतून? त्या लढायांत शेत कोणाचें तुडवलें? पडद्यावर तो शेतकरी शोधून सांपडत नाहीं!

शिवाजी महाराजांनीं १६७३ सालीं चिपळूणजवळच्या छावणीस ताकीद दिली, कीं दाणा-वैरण रोख पैसे देऊन घ्या. लुबाडाल तर रयतेला तुमच्यापेक्षां मोंगल बरे वाटतील. राजा आणि जुलूमशहा यांतला खरा फरक हा! तो न सांगतां नुसता सूड शिकविणारे गरिबाचे मित्र नव्हेत. १७ मार्च २०२५ रोजीं औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरांत दंगल झाली, संचारबंदी लागली. मजुरी बुडाली ती हातावर पोट असणाऱ्यांची. चिथावणाऱ्यांची चूल विझली काय?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच : बोलपट पहा, पण कबरीच्या मागें लागूं नका. महाराजांची ती ताकीद पोराबाळांस समजावून सांगा. आणि जो तुमच्या कणगीला हात घालील, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला तिचा जाब विचारा.