आला तसा पुढे पाठवला

माझे वडील मागच्या श्रावणात वारले. मिरजेत, घरी, सकाळचा दुसरा चहा पिता पिता त्यांनी ही बातमी स्वतःच्याच मोबाइलवर वाचली, खाली 'माणूस चांगला होता बिचारा' असं लिहून हात जोडले आणि मला फोन लावला. "अगं, कुणीतरी अगदी तुझ्यासारखं लिहिलंय बघ. त्या पोरीचाही बाप कंडक्टरच."

तुझ्यासारखं कसलं, माझंच होतं ते. 2011 साली मी ब्लॉगवर वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, एसटीतल्या नोकरीवर लिहिलं होतं. पेटीतले तिकिटांचे रंगीत गठ्ठे, चिमट्याची टिकटिक, मुक्कामाच्या गावी टपावर अंथरलेली सतरंजी, आणि हिशेबात कमी आलेले साडेचार रुपये आईच्या डब्यातून घेऊन डेपोत भरायला निघालेले दादा. तिथेच लेख संपत होता. तो कुणीतरी उचलला, वरचं माझं नाव खुडलं आणि मग त्यात सुधारणा केली. चोरीचं एक वेळ सोसेन, सुधारणेचं नाही. सुधारित आवृत्तीत मुलगी कलेक्टर होते, लाल दिव्याच्या गाडीतून डेपोत येते आणि बाप हातात चिमटा धरून पायरीवरच प्राण सोडतो. मी कलेक्टर नाही. मी पतसंस्थांचे हिशेब तपासते. पण त्याने कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार? तळाला सूचना होती : 'डोळे पाणावले तरच पुढे पाठवा.' आणि लेखक : अनामिक.

हा अनामिक आजचा सर्वांत दांडगा मराठी लेखक आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या म्हणून आपण तोंडात बोट घालतो; अनामिक तेवढं एका गणेशोत्सवात लिहून मोकळा होतो. कधी लहर आली तर तो पु. ल. देशपांड्यांच्या नावाने लिहितो. पुलं गेले जून 2000 मध्ये, व्हॉट्सॲप आलं 2009 मध्ये. पण सुप्रभातच्या फुलाखाली मोबाइलच्या व्यसनावरचं पुलंचं चिंतन दर आठवड्याला येतं. ज्यांनी जन्मात पुलंचं एक पान उलटलेलं नाही त्यांनाच ते सर्वांत जास्त आवडतं. ज्याने वाचलंय त्याला दुसऱ्या ओळीला कळतं, की असलं मिळमिळीत वाक्य या माणसाने उधारीवरही दिलं नसतं.

मी तक्रार केली, तर दादांच्याच ओळखीतल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "ताई, नाव मोठं की विचार मोठा?" हे वाक्य नेहमी तोच माणूस म्हणतो ज्याचं नाव लग्नपत्रिकेत राहून गेलं तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं. दुसरे म्हणाले, "आपल्या जात्यावरच्या ओव्यांना कुठे नावं होती?" होती हो. विचारणारं कुणी नव्हतं. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन लाखावर ओव्या जमवल्या. पी. साईनाथांच्या 'पारी' या संकेतस्थळावर त्या आज वाचायला-ऐकायला मिळतात, आणि सोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका. ज्यांना शाळेने पाटी दिली नाही त्या बायांची नावं टिपता आली. आणि हातात पंधरा हजारांचा फोन असलेल्या पदवीधराला वरची एक ओळ ठेववत नाही.

संतांना या रोगाची पुरती कल्पना असावी. अभंग तोंडोतोंडीच पुढे जायचा. म्हणून नाव शेवटच्या चरणात विणून टाकलं. नामा म्हणे, जनी म्हणे, तुका म्हणे. नाव काढायचं तर चरणच मोडावा लागतो. तरी सालोमालो निपजलाच. गाथेत त्याच्यावर अभंग आहेत, आणि 1936 च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटामुळे तो घराघरात पोचला. पण त्याला निदान तुकोबांच्या ओळींत स्वतःचं नाव घुसवायची हौस होती. आताच्याला तीही मेहनत नको.

कॉपीराइटचा कायदाही आहे, 1957 चा. त्याच्या कलम 57 प्रमाणे लेखकाने हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. पण नोटीस बजावायची कुणावर? माझ्या मावसभावावर? लेख त्यानेही पाठवला होता. मलाच. 'नक्की वाच' म्हणून.

आणि या सगळ्याला आपण म्हणतो, समाजमाध्यमामुळे माणसं जोडली गेली! जोडली जात होती, तेव्हा मी तिथे होते. 1996 मध्ये मायबोली हे संकेतस्थळ सुरू झालं. पुढे ब्लॉग आले, फॉन्टशी मारामारी करत माणसं मराठी टंकू लागली. माझ्या त्या लेखाखाली परभणीकडच्या एका निवृत्त वाहकाने मला झापलं होतं : गठ्ठ्यांचे रंग चुकलेत, ताई. मी दुरुस्ती केली. मग चालकाची बायको आली, मग डेपोच्या कँटीनवाल्याचा मुलगा. महिनाभर त्या लेखाखाली एक स्टँडच वसलं होतं. का? तर प्रत्येकाला माहीत होतं की हे कुणी लिहिलंय आणि ती कुठे सापडेल. फॉरवर्डला परतीचं तिकीटच नसतं. हजारो लोक रडले म्हणे माझ्या वडिलांसाठी. त्यातला एकही माझ्यापर्यंत पोचला नाही, रंग चुकलेत हे सांगायलासुद्धा.

इथवर हसण्यावारी नेता येतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच माणसं ठेचून मारली. सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हे मोबाइलवर आलं होतं. कुणी लिहिलं होतं? अनामिकानेच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणायचं ठरवलं. म्हणजे विष तेच, चमचा लहान. कुणाचं आहे, कुठून आलं हे न विचारता पुढे ढकलायची सवय हाताला लागली, की तो हात हळवी गोष्ट आणि खुनी गोष्ट वेगळी करत बसत नाही. आणि त्या पाचांनाही नावं होती, गावं होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारताना ती ऐकायला कुणी थांबलं नाही.

दादांना मी सगळं समजावलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी मेलो त्यात, तर तुझ्या आईला पेन्शन लागली का?" नाही, म्हटलं, ते लिहिणाऱ्याला सुचलं नाही. संध्याकाळी त्यांनी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर स्वतः टाइप केलं : 'सकाळच्या गोष्टीतील मयत वाहक मी आहे. हयात आहे. गोष्ट माझ्या मुलीची आहे, शेवट तिचा नाही.' खाली पूर्ण नाव, डेपो आणि बिल्ला क्रमांक.

आठ जणांनी हात जोडले. नवव्याने लगेच खाली टाकलं : 'एका रिक्षावाल्याच्या मुलाची कहाणी, नक्की वाचा.'